सही कुणाची? फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ट्रायल आणि आपला हक्क



कॅन्सरच्या मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू होण्याआधी कधीकधी डॉक्टर रुग्णापुढे कागदांचा गठ्ठा ठेवतात आणि म्हणतात, "एक ट्रायल चालू आहे, तुम्ही त्यात बसू शकता. वाचा, विचार करा आणि सांगा." अशा वेळी आपल्या वस्तीतून बहुतेक दोनच उत्तरे येतात, असे आम्ही पाहत आलो आहोत. एक, "आम्ही काय उंदीर आहोत का, आमच्यावर प्रयोग करायला?" आणि दुसरे, "साहेब, तुम्ही सांगाल तिथे अंगठा देतो." पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात लाचारी आहे. प्रश्न मात्र दोन्हींत नाही.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले, आता वस्तीत करतो. ट्रायलमध्ये जा किंवा जाऊ नका, असे सांगायला हा पाठ लिहिलेला नाही. ते रुग्णाने ठरवायचे आहे. ठरवण्याआधी काय माहीत असायला हवे, ते फुप्फुसाच्या कॅन्सरच्या उदाहरणावरून आम्ही मांडणार आहोत. घरात मोठ्याने वाचा, जमल्यास विहारातल्या अभ्यासवर्गात वाचा.

ट्रायल लागते कशाला?

एखादे औषध, तपासणी किंवा उपचाराची पद्धत खरोखर उपयोगी आहे का आणि तिच्याने अपाय किती होतो, हे माणसांवर ठरलेल्या नियमांनी तपासून पाहणे म्हणजे क्लिनिकल ट्रायल. मराठीत तिला चिकित्सालयीन चाचणी म्हणतात. डॉक्टरांना वाटते म्हणून किंवा कंपनी सांगते म्हणून औषध चांगले ठरत नाही. ते तपासावे लागते.

याचे एक मोठे उदाहरण फुप्फुसाच्या कॅन्सरचेच आहे. गाजरात आणि हिरव्या भाज्यांत बीटा-कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. ते भरपूर खाणाऱ्यांना हा कॅन्सर कमी होतो, असे दिसत होते. मग त्याच्या गोळ्या दिल्या तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा बचाव होईल, असे जाणकारांनाही वाटले. फिनलंड देशात १९८५ पासून पुढे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर हे तपासले गेले. १९९४ साली निकाल छापून आला आणि सगळे चकित झाले. बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी तर झालाच नाही, उलट सुमारे १८ टक्क्यांनी जास्त झाला. ही ट्रायल झाली नसती तर जगभर लोकांनी ती गोळी विश्वासाने खाल्ली असती. वस्तीत कुणी "शंभर टक्के गुण येतो" म्हणून चूर्ण विकायला आला, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा: तपासले कुणी, किती माणसांवर, आणि निकाल कुठे छापला?

ट्रायलचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांवर औषधाचा डोस किती सोसतो ते पाहतात. दुसऱ्या टप्प्यात गाठ कमी होते का, गुण येतो का, ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो-हजारो रुग्णांचे गट करून नव्या उपचाराची चालू उपचाराशी तुलना करतात. औषध बाजारात आल्यावरही नजर ठेवतात, तो चौथा टप्पा. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा कितवा टप्पा? पहिल्या टप्प्यात रुग्णाला स्वतःला फायदा होण्याची शक्यता कमी असते आणि काय त्रास होईल याची माहितीही थोडी असते.

तिसऱ्या टप्प्यात कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे संगणकावर ठरते. वशिला चालू नये आणि तुलना खरी व्हावी, म्हणून असे करतात. काही वेळा एका गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देतात. कुणाला काय मिळाले हे कधीकधी डॉक्टरांनाही माहीत नसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट समजून घेऊ. नेहमीच्या उपचारात डॉक्टर फक्त तुमचे भले पाहतात. ट्रायलमध्ये ते तुमची काळजी घेतातच, पण ट्रायलचा मूळ हेतू पुढच्या रुग्णांसाठी ज्ञान मिळवणे हा असतो. नवे औषध म्हणजे चांगलेच औषध, असे धरून चालू नका. ते चांगले आहे हे आधीच पक्के असते, तर ट्रायल करावीच लागली नसती.

निदानाच्या ट्रायल

कॅन्सर लवकर कसा ओळखावा, यासाठीही ट्रायल होतात. अमेरिकेत २००२ पासून ५३,४५४ लोकांवर एक मोठी ट्रायल झाली. सगळे ५५ ते ७४ वयाचे आणि वर्षानुवर्षे खूप सिगारेट ओढलेले. अर्ध्यांचा दरवर्षी कमी किरणांचा सीटी स्कॅन काढला, अर्ध्यांचा साधा छातीचा एक्स-रे. असे तीन वेळा केले. २०११ साली निकाल आला. सीटी स्कॅनच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोठ्या ट्रायलने दाखवून दिले की, त्रास नसलेल्या माणसाचा दरवर्षी साधा एक्स-रे काढल्याने या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत. म्हणजे शिबिरात एक्स-रे काढला, स्वच्छ आला, आता विडी ओढायला हरकत नाही, असा हिशेब करू नका.

पण सीटी स्कॅनच्या निकालाला दुसरी बाजूही आहे. त्या ट्रायलमध्ये स्कॅनवर काही संशयास्पद दिसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ९६ वेळा तो कॅन्सर नव्हताच. तिथे ही स्थिती, तर टीबीचे जुने व्रण घेऊन जगणारी माणसे घरोघर असलेल्या आपल्या वस्त्यांत काय होईल? कितीतरी लोकांच्या फुप्फुसावर डाग दिसेल, घाबरगुंडी उडेल, सुईने तुकडा काढावा लागेल. अमेरिकेतला निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही, तो यामुळे. इथल्या माणसांवर इथे ट्रायल होणे गरजेचे आहे, त्याचेही कारण हेच.

आपल्याकडे उलट घोटाळाही होतो. खोकला, बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त ही लक्षणे टीबीची आहेत आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचीही. एक्स-रेवर डाग दिसला की टीबीचे औषध सुरू होते आणि कॅन्सरचे निदान महिनोन् महिने लांबते. म्हणून लक्षात ठेवा: टीबीचे औषध सुरू करण्याआधी बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली का, ते विचारा. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नसतील आणि महिना-दीड महिना औषध घेऊनही वजन घटतच असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि सीटी स्कॅन व तुकड्याच्या तपासणीबद्दल विचारा. टीबीचे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. विडी न ओढणाऱ्या बाईलाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हेही ध्यानात असू द्या. चुलीचा आणि कोळशाचा धूर, शहरातली दूषित हवा, कामावरचा अ‍ॅस्बेस्टॉस यांनीही धोका वाढतो.

उपचाराच्या ट्रायल

फुप्फुसाचा कॅन्सर हा एकच आजार नाही. पेशी लहान असलेला एक प्रकार आहे, तो फार वेगाने पसरतो. दुसरा प्रकार दर शंभरात सुमारे ८५ जणांना असतो. या दुसऱ्या प्रकारातल्या काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. अशांना जेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते. म्हणून आज तुकड्याच्या तपासणीत नुसते "कॅन्सर आहे" एवढ्यावर थांबायचे नसते. "ईजीएफआर तपासले का?" हे विचारायचे असते. आधीच्या ट्रायलनी आपल्याला दिलेले हे ज्ञान आहे.

आता मुंबईचीच एक ट्रायल पाहू. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१६ ते २०१८ या काळात ईजीएफआर बदल असलेल्या, आजार पसरलेल्या ३५० रुग्णांना दोन गटांत विभागले गेले. एका गटाला जेफिटिनिबची गोळी दिली, म्हणजे त्या वेळचा नेहमीचा उपचार. दुसऱ्या गटाला तीच गोळी आणि जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोची दोन औषधे दिली. तिन्ही औषधे आधीपासून बाजारात होती. प्रश्न एवढाच होता, की एकत्र दिल्याने फायदा होतो का?

फायदा झाला. एकट्या गोळीच्या गटात आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोड उपचाराच्या गटात १६ महिने. गोळीच्या गटातले निम्मे रुग्ण सुमारे १७ महिन्यांत दगावले होते. हिशेब मांडला तेव्हा दुसऱ्या गटातले निम्म्याहून अधिक रुग्ण हयात होते. पण त्याची किंमतही मोजावी लागली. गंभीर दुष्परिणाम गोळीच्या गटात शंभरातल्या २५ जणांना झाले, जोड उपचारात ५१ जणांना. या कामाची दखल जगभर घेतली गेली.

या ट्रायलमधून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, तुलनेच्या गटातल्या रुग्णांना उपचाराविना ठेवले नव्हते, त्यांना चालू उपचार मिळत होता. दुसरी, निकालात फायदा आणि त्रास दोन्ही आकड्यांत सांगितले गेले. कुणी तुम्हाला ट्रायलचे फक्त फायदे सांगत असेल, तर त्रासाचे आकडेही मागा.

ट्रायलमध्ये प्रत्येकाला घेत नाहीत, हेही सांगायला हवे. किडनी कमजोर असेल, रुग्ण अंथरुणाला खिळला असेल, टीबी चालू असेल, गाठीचा प्रकार वेगळा असेल, तर नकार मिळतो. त्याचे कारण विचारा, ते सांगितले पाहिजे. पण तो नकार म्हणजे उपचाराला नकार नव्हे. नेहमीचा उपचार चालूच राहतो.

आधाराच्या उपचारांच्या ट्रायल

गाठीवरचा उपचार हा एक भाग झाला. दम लागणे, दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न येणे, यांवरचा उपचार हा दुसरा भाग. आपल्या घरांत या त्रासाला "आजारच तसा आहे" म्हणून सोडून देतात. पण यावरही ट्रायल होतात आणि त्या गरीब रुग्णाच्या फार कामाच्या असतात.

पुद्दुचेरीच्या जिपमर या केंद्र सरकारच्या संस्थेत अशी एक ट्रायल झाली. पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुस यांचा कॅन्सर वाढलेल्या, केमो सुरू होणाऱ्या १२४ रुग्णांना तिच्यात घेतले. निम्म्यांना ओलान्झापिन या औषधाची अडीच मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज एक, १२ आठवडे दिली. निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. केमो दोन्ही गटांना होतीच. ओलान्झापिन हे मानसिक आजारावरचे जुने आणि स्वस्त औषध. २०२३ साली निकाल छापून आला. गोळीच्या गटात दर शंभरात ६० जणांचे वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढले, दुसऱ्या गटात फक्त ९ जणांचे. भूकही सुधारली. ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, तिचेही दुष्परिणाम आहेत. मात्र "जेवण जात नाही, वजन घटते आहे, यावर काही देता येईल का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा.

दुसरी ट्रायल अमेरिकेतल्या बोस्टन शहरातली, २०१० साली छापून आलेली. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच कळलेले १५१ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचा कॅन्सरचा उपचार दिला. अर्ध्यांना तोच उपचार आणि पहिल्यापासूनच पॅलिएटिव्ह सेवा दिली. पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे दुखणे, दम, मनाचा ताण यांवर उपचार आणि घरच्यांशी मोकळे बोलणे. या दुसऱ्या गटाचे दिवस अधिक बरे गेले, उदासी कमी झाली. शेवटच्या काळात त्यांच्यावर केमोसारख्या जड उपचारांचा मारा कमी झाला, तरीही ते जास्त जगले. साधारण ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. आपल्याकडे पॅलिएटिव्ह म्हटले की "आता हात टेकले" असे समजतात. तो समज खोटा आहे. कॅन्सर कळला त्याच आठवड्यात ही सेवा मागा.

संशय उगाच नाही

प्रयोग म्हटल्यावर आपली माणसे बिचकतात, त्याला कारणे आहेत. ती झाकून ठेवून विश्वास मिळत नाही.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी लस एका अभ्यास प्रकल्पात दिली गेली. खम्ममच्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. अनेकींच्या संमतीपत्रावर आई-बापाऐवजी वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकाची सही होती. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यू लसीमुळे झाले असे सरकारी चौकशीत दिसून आले नाही. ही लस उपयोगी आहे, हेही जगभर सिद्ध झाले आहे, तेव्हा तिला घाबरू नका. पण संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदेच्या समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. दोष होता तो दुसऱ्याने केलेल्या सहीत.

मुंबईच्या वस्त्यांतही असा वादाचा विषय घडला आहे. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक ट्रायल केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. निम्म्या वस्त्यांत फक्त आरोग्यशिक्षण दिले. १२ वर्षांनी तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. साध्या, स्वस्त तपासणीने जीव वाचतात हे यातून कळले आणि ते मोलाचे आहे. पण ज्या हजारो बायांना तपासणी मिळाली नाही, त्यांचे काय, असा प्रश्न जाणकारांनी जाहीरपणे विचारला. इतर देशांत वेगळी तपासणी आधीपासून चालू होती, मग गरीब बायांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवावे का? याच्या उलट, ज्या देशात अशी सोय बायांना मिळतच नव्हती तिथे हाच मार्ग होता, असे ट्रायल करणाऱ्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू समजून घ्या आणि त्यातून एक प्रश्न कायमचा उचला: तुलनेच्या गटाला काय मिळणार?

अशा घटनांनंतर लोक लढले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने सरकारला कानपिचक्या दिल्या, नियम कडक झाले. १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम लागू झाले. आज हातात असलेले हक्क मागून, भांडून मिळालेले आहेत. ते वापरले नाहीत तर कागदावरच राहतील.

नियमाने तुमचे हक्क

आधी संमतीचे पाहू. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत हवे. मराठीत मागा. वाचता येत नसेल तर पूर्ण वेळ एक तटस्थ साक्षीदार समोर हवा आणि त्याची सही हवी. गरीब, बेरोजगार, असाध्य आजाराने ग्रासलेले लोक अशा दुर्बल गटांतल्या रुग्णांवर अगदी नव्या रसायनाच्या औषधाची ट्रायल असेल, तर माहिती देण्याचे आणि संमतीचे व्हिडिओ चित्रीकरण करावे लागते. कॅमेरा पाहून घाबरू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी.

संमती दिली म्हणजे बांधले गेलो असे नाही. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. फक्त औषध एकदम सोडल्याने त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगून बाहेर पडा.

ट्रायलच्या काळात इजा झाली तर वैद्यकीय उपचार फुकट मिळतात. ती इजा ट्रायलमुळे झाली असे ठरले तर भरपाई मिळते, मृत्यू झाला तर वारसाला मिळते. रक्कम वय आणि मूळ आजार किती गंभीर होता यांवरून सूत्राने ठरते. संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव लिहायला जागा असते. ती जागा कोरी सोडू नका.

प्रत्येक ट्रायलला नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत किमान सात जण असतात. त्यांत एक बाई, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावीच लागते. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. समितीचा फोन नंबर तुमच्या कागदावर असतो. तक्रार थेट तिथे करता येते.

बाजारात आधीच असलेल्या औषधांवर डॉक्टरांनी हाती घेतलेले संशोधन असेल, तर त्याला आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. समितीची मंजुरी आणि तुमची संमती तिथेही लागतेच. इजा झाल्यास काय मिळेल, हे अशा वेळी कागदावर नीट वाचून घ्या.

२००७ साली आयसीएमआरने ट्रायलची देशव्यापी नोंदवही सुरू केली, तिला सीटीआरआय म्हणतात. औषधांच्या ट्रायलसाठी १५ जून २००९ पासून तिथे आधी नोंद करणे सक्तीचे झाले. घरातले शिकलेले पोर मोबाईलवर ती फुकट पाहू शकते. कोणता टप्पा, कोणते गट, पैसा कुणाचा, सारे तिथे लिहिलेले असते.

सही कुणाची?

आता ज्या मुद्द्यावर आमचा सर्वांत जास्त जीव अडकतो, तो मुद्दा.

आपल्या घरांत कॅन्सर कळला की पहिला निर्णय होतो, "त्यांना सांगायचे नाही." मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, "बाबांना टीबी आहे असेच सांगा." हे मायेपोटी होते, आम्हाला कळते. पण पुढे ट्रायलचा कागद येतो तेव्हा पेच पडतो. ज्याला आपला आजारच माहीत नाही, त्याची संमती संमती कशी ठरेल? ज्याच्या शरीरात औषध जाणार, उलट्या ज्याला होणार, दिवस ज्याचे मोजके आहेत, त्यालाच आपण निर्णयातून बाहेर ठेवतो. वसतिगृहाच्या वॉर्डनने मुलींसाठी सही केली याचा आपल्याला राग येतो. मग घरातल्या शहाण्या माणसाची सही परस्पर करताना आपण काय वेगळे करतो?

बायांच्या बाबतीत तर हे सर्रास घडते. सासूबाईंच्या कागदावर मुलगा सही करतो, बायकोच्या कागदावर नवरा. शुद्धीत असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच लागते. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा समजण्याच्या स्थितीत नसेल, तरच कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी सही करू शकतो. कमावता कोण, शिकलेला कोण, याने हा हक्क बदलत नाही.

सांगायचे कसे, हा प्रश्न खरा आहे. एकदम सगळे सांगावे असे नाही. "आई, तुला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?" इथून सुरुवात करा. मग ती विचारेल तेवढे खरे सांगा. डॉक्टर, सिस्टर, समाजसेवा विभागातले समुपदेशक यांना सोबत घ्या. बहुतेक रुग्णांना संशय आलेलाच असतो. खरे कळल्यावर ते रडतात, मग हळूहळू बोलू लागतात. मुलीचे लग्न, खोलीचे कागद, कुणाला भेटायचे राहिले, या गोष्टी तेव्हाच निघतात. लपवाछपवीत त्या मनातच राहून जातात.

विचारायचे दहा प्रश्न

हे कापून केस पेपरच्या फाईलमध्ये ठेवा.

१. हा कितवा टप्पा आहे? आधी किती माणसांवर तपासले?
२. माझ्या आजाराला आज नेहमीचा उपचार कोणता? तो सोडावा लागेल का?
३. गट किती? तुलनेच्या गटाला काय मिळणार? नुसती औषध नसलेली गोळी तर नाही ना?
४. फायदा काय होऊ शकतो आणि कोणता गंभीर त्रास किती जणांना झाला?
५. किती वेळा यायचे? रक्त, स्कॅन, तुकडा किती वेळा काढणार?
६. औषध, तपासण्या, राहणे, प्रवास यांतले काय फुकट? बुडालेल्या मजुरीचे काय?
७. रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
८. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणाकडून मिळणार?
९. ट्रायल संपल्यावर गुण येत असेल तर औषध पुढे मिळेल का?
१०. पैसा कुणाचा, सीटीआरआय नंबर काय, आणि नैतिकता समितीचा फोन कोणता?

सहाव्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक. ट्रायलचे औषध विकत घ्यायला लावत असतील तर सावध व्हा आणि समितीला विचारा. उलट, केवळ फुकट उपचार मिळतो म्हणून सही करायची वेळ येत असेल, तर आधी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. दुसरा रस्ता आहे हे माहीत असेल, तेव्हाच होकार खरा होकार असतो.

सही त्याच दिवशी करायची गरज नाही. कागद घरी न्या. विहारातल्या शिकलेल्या माणसाकडून, कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून तो रुग्णासमोर वाचून घ्या. न समजलेल्या ओळीखाली रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. ट्रायलमध्ये गेलात तर घेत असलेले सगळे औषध, काढा-चूर्णासकट, डॉक्टरांना सांगा. काहीही लपवले तर तुमच्या जिवालाच धोका.

अभ्यासवर्गासाठी

चर्चेला तीन प्रश्न देतो. आपल्या वस्तीत टीबी म्हणून उपचार झाला आणि नंतर वेगळा आजार निघाला, असे कुणाचे झाले आहे का? घरातल्या रुग्णाला खरे सांगायचे की नाही, यावर प्रत्येकाचे मत काय, आणि स्वतः रुग्ण असतो तर काय हवे असते? वस्तीत असे कोण दोघे आहेत, जे एखाद्या रुग्णासोबत दवाखान्यात जाऊन हे दहा प्रश्न विचारतील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच बैठकीत नावांसह वहीत लिहून ठेवा. एकट्या रुग्णाला विचारायला धीर होत नाही. सोबत आपले माणूस असले की होतो.